पुठ्ठ्यावरचे नियम

बाथरूमच्या दाराची आतली कडी मी स्वतः पेचकस घेऊन काढली, आणि त्या दिवसापासून माझ्या शिलाई सेंटरमधल्या बायका माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी त्यांचं माहेर तोडलं. कडी नाही म्हणजे काय, कोणी भसकन आत आलं तर? मी म्हटलं, दाराबाहेर खिळा ठोकलाय, आत जाताना त्याला लाल चिंधी अडकवा, बाहेर येताना काढा. चिंध्यांचा आमच्याकडे दुष्काळ नाही. पांढुर्ण्यातल्या चार-पाच आणि सौसरच्या दोन शाळांचे गणवेश आम्ही शिवतो, कातरणांची पोती कोपऱ्यात भरून पडलेली असतात. पण पहिल्याच आठवड्यात एकजण चिंधी काढायला विसरली आणि बाकीच्या दहाजणी दुपारभर रिकाम्या बाथरूमबाहेर ताटकळत राहिल्या. त्याचा दोषही माझाच.

कडी का काढली, हे मात्र कोणी विचारलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या एकीला मिरगी होती. आत असताना तिला झटका आला असता तर दार तोडेपर्यंत आमच्या हातात काही राहिलं नसतं. ती तिगावहून येणारी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, सासर सुटलेलं, आई आणि भाऊ-भावजयीसोबत राहणारी. दिवाळीनंतर आई तिला घेऊन माझ्याकडे आली तेव्हा शिलाई येते, काज-बटण येतं, सुट्ट्या घेणार नाही, एवढं सगळं सांगितलं. हे एवढं एक सांगितलं नाही.

तिचा हात पाहून मी दुसऱ्याच दिवशी तिला काज-बटणावरून खिशांवर घेतलं. शर्टाचा खिसा लावणं दिसायला सोपं असतं आणि नव्वद टक्के बायका तो वाकडा लावतात. तिचा खिसा पट्टी लावून मोजला तरी सरळ. मी मनातल्या मनात जूनची तयारी करून टाकली. शाळा उघडायच्या आधीचा महिना आमचा जीव काढतो, आणि असा एक हात मिळाला की माणसाला जरा बरी झोप लागते.

तिसऱ्या आठवड्यात ती मशीनवरून बाजूला कलली आणि खाली पडली.

त्यानंतरची पाच मिनिटं आठवली की आजही माझं डोकं फिरतं. एकीने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. दुसरी कांदा शोधायला शेजारच्या घरी पळाली. तिसरीने कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबायला घेतला, चौथी तिच्या दातांत चमचा घालायला बसली. दोघी भिंतीला चिकटून "हात नका लावू, हात नका लावू" म्हणून ओरडत होत्या. आणि मी, जिने पुढे सहा महिने सगळ्यांना अक्कल शिकवली, ती मी पाण्याचा अख्खा तांब्या तिच्या तोंडावर उपडा केला. तिच्या नाकात पाणी गेलं. खोकत खोकत ती शुद्धीवर आली आणि आजूबाजूला पाहून पहिलं काय म्हणाली, तर "खिसा उसवला का?"

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. मी चांगलीच तापलेली होते. आधी का नाही सांगितलं, मशीनवर बोट गेलं असतं म्हणजे, इस्त्रीवर पडली असती म्हणजे, असं मी बोलतच सुटले. आई शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, सांगतलं असतं तं तुम्ही ठेवलं असतं का?"

मी हातातला टेप गुंडाळायला लागले.

"तिले काढू नका बाई. सासरच्याईनं याच्याचपायी आणून सोडली. आता कामाले जाते म्हून घरात कोणी बोलत नाई. काम सुटलं का तिचा भाऊ पुन्हा कोन्या दूरच्या बिजवराच्या गळ्यात बांधून देईन. पाहून गेला बी एक. बीमारी लपवूनच देतीन, मग पुन्हा तेच."

मी म्हटलं, "पाहू."

माझ्या तोंडात हा शब्द फार बसलेला आहे. शाळेवाले तारीख विचारतात, पाहू. बायका सुट्टी मागतात, पाहू. त्या दिवशी तिची आई दोन वेळा मागे वळून माझ्याकडे पाहत निघून गेली. मी लगेच फोन लावून नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. म्हणजे माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे तरी मला कबूल करू द्या.

नागपूरला मीच घेऊन गेले. तिचा भाऊ येणार होता, त्याला ऐनवेळी संत्र्याच्या बागेत पाणी सोडायचं काम निघालं. डॉक्टर चांगले होते, बोलायला मोकळे. त्यांनी सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी काबूत राहतो, पुष्कळ लोक नोकऱ्या करतात, संसार करतात. झटका आला तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, गळ्याजवळचं सैल करायचं, घड्याळ पाहायचं. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. इथे मी खाली पाहिलं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. आणि गोळी सकाळी एक, रात्री एक. "शक्यतो जेवणानंतर घ्या, पोटाला बरं पडतं. पण कोणत्याही कारणाने चुकवायची नाही. एकदासुद्धा नाही." शेवटी त्यांनी मला एक वही ठेवायला सांगितली: झटका कधी आला, किती वेळ, त्याआधी काय झालं होतं.

परत आल्यावर मी दोन पुठ्ठे घेतले. शर्टाच्या घडीत घालतो ते पांढरे पुठ्ठे. एकावर झटका आल्यावर काय करायचं ते लिहून सेंटरच्या भिंतीवर लावलं. दुसरा तिच्या घरी दिला. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत होती आणि तिच्या आईला कमी दिसतं, म्हणून ठसठशीत मोठ्या अक्षरांत मी मराठीत लिहिलं: सकाळी एक, रात्री एक, जेवण झाल्यावर. पुठ्ठा तेवढ्यातच भरला.

मग मी कामाला लागले. तिचं मशीन खिडकीजवळून उचलून भिंतीच्या कोपऱ्यात आणलं, म्हणजे पडली तर एकाच बाजूला पडेल. स्टूल काढून हातांची खुर्ची दिली. इस्त्रीचं टेबल तिच्यापासून लांब नेलं. कोपऱ्यात गादी टाकली. कटिंगची मोठी कात्री तिच्या हातात द्यायची नाही असं ठरवलं. कडीचं तर सांगितलंच. आणि या प्रत्येक गोष्टीसाठी मला भांडावं लागलं. इस्त्रीचं टेबल खिडकीशी आलं म्हणून जिचा उजेड अडला ती रुसली. इस्त्रीवाली म्हणाली, आता दर वेळी मलाच आठ पावलं चालायचं का. हो, म्हटलं, चाला, पाठ मोकळी होईल.

आमच्यात सगळ्यात जुन्या एक मावशी आहेत. साठीच्या पुढच्या, मोहगावच्या, तुरपाईला त्यांच्यासारखा हात नाही आणि मत द्यायला त्यांच्यासारखी जीभ नाही. मी पुठ्ठा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी माझ्याच कपाटात, माझ्याच दोऱ्यांच्या डब्यामागे मला एक कांदा सापडला.

"मावशी, हा कोणी ठेवला?"

"राहू द्या नं बाई. तुमचा पुठ्ठा बी राहू द्या, आमचा कांदा बी राहू द्या."

मी तो कांदा दुपारी चिरून पोह्यांत घातला. चार दिवसांनी तिथे दुसरा कांदा होता.

पण खरं सांगायचं तर गोळ्यांनी काम केलं. डिसेंबर गेला, जानेवारी-फेब्रुवारी गेले, एक झटका नाही. ती खिसे लावायची, कॉलर शिकली, हळूहळू बायकांबरोबर हसायला लागली. आधी ती डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून खायची, आता मध्ये बसू लागली. माझी वही कोरी होती. मला वाटलं, जमलं. माझ्या हुशारीचा मलाच अभिमान वाटायला लागला होता.

मार्चमध्ये तिच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. तीन दिवस जागरणं, धावपळ. चौथ्या दिवशी कामावर आली आणि अकराच्या चहाला तिला झटका आला. या वेळी बायकांनी बरंच बरोबर केलं, हे मान्य. कुशीवर वळवलं, डोक्याखाली कापडाची घडी ठेवली. दीड मिनिटात थांबलं. मी घड्याळ पाहत होते. आम्ही तिला गादीवर झोपवलं. पण त्या दिवशी एका शाळेचा माल जायचा होता, कॉलर लावणारी तीच, माल अडकला, शाळेच्या माणसाने फोनवर मला नाही नाही ते ऐकवलं. फोन ठेवून मी मावशींजवळ फणकारले, "असंच चालत राहिलं तर मला काहीतरी विचार करावा लागेल."

ती गादीवर पडलेली होती. मला वाटलं, झोपलीय. झटक्यानंतर माणूस गाढ झोपतो असं डॉक्टर म्हणाले होते. माझं बोलणंही रागाच्या भरातलं होतं. विचार कसला करणार होते मी? अशी खिसे लावणारी मला कुठे मिळाली असती?

एप्रिलपासून मात्र सगळं बिनसलं. महिन्यात दोन झटके. मेमध्ये पुन्हा दोन. मी विचारायचे, "गोळ्या चालू आहेत ना बरोबर?" ती माझ्या डोळ्यांत पाहून सांगायची, "हो काकू. तुम्ही लिहून देल्या तशाच घेते." मला खोटं चटकन कळतं, शिलाईवाल्या बायकांमध्ये आयुष्य गेलंय. ही खोटं बोलत नव्हती. मग मी औषधांच्या दुकानदाराशी जाऊन भांडले, की तू दुसऱ्याच कंपनीच्या गोळ्या देऊन राहिलास का. त्या बिचाऱ्याने चिठ्ठी आणि पाकीट दोन्ही समोर ठेवलं. तो बरोबर होता. त्याचाही मला राग आला.

पुन्हा नागपूर. डॉक्टरांनी माझ्या वहीतले झटके मोजले आणि गोळीचा डोस वाढवला. वाढलेल्या डोसाने ती दिवसभर पेंगायला लागली. जो खिसा मोजायची गरज नव्हती तो मला उसवून द्यावा लागला. ती काही न बोलता उसवायची आणि पुन्हा लावायची. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मशीनवर बसून राहायची. मी म्हणायचे, ऊठ, जेव. "हे एवढं करून घेते काकू." मला वाटायचं, पोरीला कामाची लाज आहे, मागे पडलेलं भरून काढते आहे. आमच्यातल्या चार-पाच जणींना कसला ना कसला उपास असतोच, सोमवारी तर अर्धं सेंटर साबुदाण्यावर असतं. त्या गर्दीत कोणाचा डबा उघडला आणि कोणाचा नाही, हे पाहायला मला फुरसत नव्हती.

आणि तोपर्यंत उपदेशांची रांग लागली होती. शेजारीण म्हणाली, पाच शनिवार मारुतीला न्या. माझी नणंद सौसरहून फोन करून सांगे, डोक्यावर ताप नको, सरळ दुसरी पाहा. एका शाळेचा क्लार्क माल न्यायला आला, त्याने तिला गादीवर पाहिलं आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "मॅडम, लहान लेकरांचे कपडे आहेत, काही लागण-बिगण तं नाई होत नं?" मी म्हटलं, "भाऊ, मी तीस वर्षं कपडे शिवून राहिले. आजपर्यंत एकाही शर्टाला मिरगी झालेली नाही." तो हसला नाही. जाताना गठ्ठा मात्र दोन बोटांनी उचलला.

मीही दमले होते. जूनचा महिना, शाळा उघडायच्या, आठ-आठशे शर्ट बाकी, पुन्हा दोन झटके होऊन गेलेले, आणि माझा निम्मा जीव कोपऱ्यातल्या त्या खुर्चीकडे. ती जरा शांत बसली की मी दचकायचे. सुईत दोरा ओवायला थांबली तरी "काय झालं? काय झालं?" करत उठायचे. एकदा ती वैतागून म्हणालीसुद्धा, "काही नाई झालं काकू, दोरा तुटला." दर झटक्यानंतर मी काहीतरी नवीन काढायचे. खुर्चीला पट्टा लावू का? नको, शोभत नाही. कॉलर बंद करून फक्त बटणं देऊ का? दिली. बटणं घेताना तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. तिच्या भल्यासाठीच केलं होतं, आता त्यातही तोंड पाडायचं म्हणजे माणसाने करावं तरी काय!

मग एका रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याने वही उघडली. ते सरकारी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. घरात त्यांना वाचायला लिहिलेलं काहीही चालतं, किराण्याची यादीसुद्धा दोनदा वाचतात. चहा पिता पिता वही चाळली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, बोटाने काही लावत बसले. मी भाजी निवडत होते.

"हे पाह्यलं का तू?"

"काय?"

"मार्चचा सोडला तं पुढचे सहा झटके. पाच सोमवारी, एक मंगळवारी सकाळी. तू तारखा लिहिल्या, वार लिहिलेच नाई."

मी मेथीची जुडी खाली टाकली. तीन महिने मी पोरीच्या खुर्चीचे हात मोजत होते, औषधवाल्याशी भांडत होते, डॉक्टरांनी डोस वाढवला होता, आणि ह्यांनी पाच मिनिटांत बसल्या जागी. वर निवांतपणे म्हणतात, चहा थोडा अजून आहे का? मला कोणाचा जास्त राग आला हे मी आजही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. मी सकाळपासून तिच्यावर नजर ठेवून. अकराचा चहा आला, तिने घेतला नाही. पाण्याची बाटली भरलेली तशीच. दीड वाजता डबे उघडले, ती बटणांवर वाकलेली. मी जाऊन तिच्या मशीनसमोर उभी राहिले.

"जेवली का?"

"भूक नाई काकू."

"सकाळची गोळी घेतली?"

तिच्या बोटांत बटण तसंच धरलेलं.

"मी विचारून राहिले, गोळी घेतली का?"

"जेवल्यावर घ्याची असते नं काकू. तुम्हीच तं लिहून देलं." अगदी सरळ आवाजात. "सोमवारी मी संध्याकाळी पूजा झाल्यावर जेवते. मंग रातची घेते. सकाळची कशी घेऊ, जेवल्याबिगर?"

मला तो पुठ्ठा डोळ्यांपुढे दिसला. सुबक अक्षर, खाली रेघ मारलेली. डॉक्टरांच्या दोन वाक्यांतलं महत्त्वाचं वाक्य पुठ्ठ्यावर मावलं नव्हतं म्हणून मी सोडून दिलं होतं. जागा नव्हती म्हणे! उलट्या बाजूला लिहिलं असतं तर हात झडला असता का? आणि ही पोरगी मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळत होती. भर उकाड्यात, पाण्याचा थेंब न घेता, आठ तास मशीनवर बसून.

"आणि हे सोमवार कधीपासून?" मी ओरडलेच. सगळ्यांचे डबे थांबले.

उत्तर मावशींनी दिलं. "सोळा सोमवार धरले तिनं. आज चौदावा. सांगाचं नसते बाई कोणाजोळ, फळत नाई."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्याच तं सांगतलं तिले धराले. मार्चात. लय रडून राहिली होती."

कांदा परवडला. कांदा निदान पोह्यांत गेला. मी मावशींना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याही गप्प बसल्या नाहीत, म्हणाल्या, देवाच्या नावानं कोणाचं वाईट होत नाई. मी म्हटलं, झालंय, सहा वेळा झालंय, वहीत लिहिलेलं आहे. मग मी पुन्हा तिच्याकडे वळले. अंगात राग होताच.

"शिकलेली आहेस ना तू? दहावी झालीस ना? डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं तुला, हा आजार गोळीने काबूत राहतो. उपासाने मिरगी जाते का?"

"नाई जात," ती म्हणाली. "मले माहीत आहे. डॉक्टरनं सांगतलं, जनमभर गोळ्या घ्या लागतीन."

"मग कशासाठी? नवरा परत यावा म्हणून?"

तिने मान हलवली, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर मला राग दिसला. नवऱ्याचं नाव काढल्याचा असावा.

"नौकरीसाठी काकू. तुम्ही मावशीले म्हटलं होतं नं, विचार करा लागन म्हून. मी जागीच होती. तिकडे भाऊ म्हणते, ते बाई तुले आज ना उद्या काढनच, मंग कायले थांबाचं, तो माणूस हो म्हणून राहिला. मी म्हटलं, सोळा सोमवार होऊ दे. नौकरी नाई गेली तं मी लग्न करत नाई." तिने बटण खाली ठेवलं. "पण जसे जसे सोमवार धरले तसे तसे झटके वाढले. आधी तुम्ही कॉलर काढून घेतली. मंग मी पाणी बी सोडलं."

मी त्या खुर्चीच्या हातावर टेकले. मला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून अजून चीड आली. मी तिच्यासाठी खुर्ची आणली होती, गादी आणली होती, कडी काढली होती, नागपूरच्या दोन खेपा केल्या होत्या, अख्ख्या गावाशी भांडले होते. सगळं केलं होतं. आणि यातली प्रत्येक गोष्ट करताना ती मुलगी माझ्याकडे पाहत होती, की ही आपल्याला ठेवायची तयारी आहे की काढायची.

"आधी ती गोळी काढ पिशवीतून," मी म्हटलं. "घे आत्ता."

"आता नाई काकू. आज सोडला तं सगळे वाया जातीन. दोनच राहले." तिने पिशवी छातीशी धरली. "ह्या दोन सोमवारांत मले काही नाई होणार, मी सांगून देते तुम्हाले. बटणंच देजा, पण काढू नका."

"तुला मी काढणार नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, मी तिला गोळी घ्यायला लावण्यासाठी बोलते आहे. मला ते दिसलं. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐका गं सगळ्याजणी. हिला झटका आला तरी ही इथेच राहणार. दहा आले तरी राहणार. हे सेंटर आहे तोवर हिची जागा आहे, आणि उद्यापासून कॉलर हीच लावेल. हिच्या भावाला मी आज फोन करून सांगते. मावशी, तुम्ही साक्षीदार."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "हो बाई," म्हणाल्या.

"खरंच?" तिने विचारलं. माझ्याकडे पाहून नाही, मावशींकडे पाहून.

"खरंच," मी म्हटलं. "पाहू नाही, बिहू नाही. खरंच."

तिने पिशवीतून पाकीट काढलं, बाटलीचं झाकण उघडलं आणि गोळी घेतली. पाणी मात्र एका दमात अर्धी बाटली प्यायली, गळ्याची शीर हलताना दिसत होती. कोणीतरी आपल्या डब्यातली पोळी तिच्यापुढे सरकवली. तिने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वर पाहिलं. रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. एखाद्याने माप चुकीचं सांगितलं तर आपण म्हणतो ना, तशा आवाजात म्हणाली,

"हे तुम्ही पहिलेच सांगाचं होतं नं काकू. मी सोमवार धरलेच नसते."